युद्धपूर्व सदनिका आणि आतली बाग : जॅक्सन हाइट्स या वसाहतीचा पूर्वेतिहास

न्यूयॉर्क शहराच्या घरबाजारात ‘प्रीवॉर’, म्हणजे युद्धपूर्व, या विशेषणाला मोठी किंमत आहे. दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर अमेरिकेने १९४२ साली नागरी बांधकामावर कडक निर्बंध घातले. त्याआधीच्या सुमारे चार दशकांत उभ्या राहिलेल्या इमारतींतील घरांना हे विशेषण लावले जाते, आणि अशी दोन शयनकक्षांची सदनिका शहरातल्या एखाद्या शांत वसाहतीत विक्रीला निघाली की नऊ फुटांचे किंवा त्याहून उंच छत, गिलाव्याच्या जाड भिंती, ओक लाकडाच्या फळ्यांची जमीन, दारातून आत येताच लागणारे प्रवेशदालन आणि झाडांकडे उघडणाऱ्या खिडक्या यांचा उल्लेख तिच्या वर्णनात हटकून येतो. या गुणांचे श्रेय बहुधा जुन्या कारागिरांच्या हाताला दिले जाते. ते पूर्ण खरे नाही. त्या घरांतला उजेड, वारा आणि शांतता यांमागे गरिबांच्या वस्तीसाठी केलेला एक कायदा होता, शहराने दिलेली करमाफी होती, जमीन एकरांनी विकत घेणारा एक विकासक होता आणि शेजारी कोण असावा हे ठरवण्याचा अधिकार काही थोड्यांच्या हाती ठेवणारी एक मालकीपद्धतीही होती. क्वीन्स विभागातील जॅक्सन हाइट्स या वसाहतीच्या इतिहासात ही चारही सूत्रे एकत्र सापडतात, म्हणून युद्धपूर्व सदनिकेचा अभ्यास करण्यासाठी तिच्याइतके चांगले उदाहरण न्यूयॉर्कमध्ये क्वचितच मिळेल.

मॅनहॅटन बेटाचा १८११ सालचा नगर-आराखडा काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचा होता आणि त्यातले भूखंड सामान्यतः २५ फूट रुंद व १०० फूट खोल असे पाडले गेले. एका कुटुंबाच्या घरासाठी हे माप पुरेसे होते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर युरोपातून स्थलांतरितांचे लोंढे येऊ लागले तेव्हा याच अरुंद पट्ट्यांवर पाच-सहा मजल्यांच्या भाड्याच्या इमारती उभ्या राहिल्या, ज्यांना तेथे ‘टेनेमेंट’ म्हणत. अशी इमारत भूखंडाचा जवळजवळ नव्वद टक्के भाग व्यापत असे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तशाच इमारती खेटून असल्यामुळे मधल्या खोल्यांना खिडकीच नसे. १८७९ च्या कायद्याने प्रत्येक खोलीला खिडकी सक्तीची केली, तेव्हा मालकांनी दोन इमारतींच्या मध्ये जेमतेम काही फुटांची उभी पोकळी सोडून कायद्याचे शब्द पाळले. त्या पोकळीत उजेड पोहोचत नसे, कचरा मात्र साचत असे, आणि आग लागली की तीच पोकळी धुराड्यासारखी ज्वाळा वर ओढून घेई. जेकब रीस या पत्रकाराने १८९० साली आपल्या पुस्तकातून या वस्त्यांची अवस्था जगासमोर मांडली आणि सुधारणेच्या मागणीला जोर आला.

१९०१ चा ‘टेनेमेंट हाउस अ‍ॅक्ट’ हा त्या मागणीचा परिणाम होय. दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर नसलेल्या भूखंडावर ७० टक्क्यांहून अधिक जागा व्यापू नये, प्रत्येक खोलीची खिडकी रस्त्याकडे, परसाकडे किंवा पुरेशा रुंद चौकाकडे उघडावी, प्रत्येक बिऱ्हाडात स्वतंत्र शौचालय असावे आणि सहा मजल्यांहून उंच इमारत पूर्णपणे अग्निरोधक असावी, अशा त्याच्या मुख्य अटी होत्या. त्याच्या व्याख्येकडे मात्र इतिहासकारांनी द्यायला हवे तितके लक्ष दिलेले नाही. तीन किंवा अधिक कुटुंबे जेथे स्वतंत्रपणे राहतात आणि आपापला स्वयंपाक करतात अशी कोणतीही इमारत कायद्याच्या दृष्टीने टेनेमेंट ठरत होती, मग तिच्या दारात गणवेषधारी द्वारपाल उभा असो किंवा नसो. स्थलांतरित शिंप्यांच्या आणि हमालांच्या खोल्यांत वारा यावा म्हणून केलेली तरतूद अशा रीतीने श्रीमंतांच्या सदनिकांनाही लागू झाली, आणि आज युद्धपूर्व घराचा म्हणून जो प्रशस्त उजेड वाखाणला जातो त्याचा किमान दर्जा गरिबांसाठी झगडणाऱ्या सुधारकांनी ठरवून दिला. ही गोष्ट आदराने नोंदवली पाहिजे. काही विकासकांनी स्वयंपाकघरच न देता ‘अपार्टमेंट हॉटेल’ या नावाने इमारती बांधून व्याख्येतून पळवाट काढली खरी, परंतु कायद्याचा मुख्य प्रवाह त्यामुळे अडला नाही.

मध्यमवर्ग या इमारतींत राहायला लगेच तयार झाला असे नाही. एका छपराखाली अनेक कुटुंबांनी राहणे म्हणजे टेनेमेंटमध्ये राहणे, ही समजूत खोलवर रुजली होती. पॅरिसमध्ये शिकलेल्या रिचर्ड मॉरिस हंट या वास्तुविशारदाने १८७० साली ‘स्टायव्हेसंट’ ही इमारत बांधली आणि तिला ‘फ्रेंच फ्लॅट्स’ असे परदेशी वलय मिळाले. १८८४ साली सेंट्रल पार्कच्या पश्चिमेस ‘डकोटा’ पूर्ण झाली, आणि त्यानंतर उद्वाहक, वाफेवर तापणाऱ्या लोखंडी रेडिएटरांची व्यवस्था व मध्यवर्ती गरम पाणी या सोयींनी उरलासुरला संकोच हळूहळू संपवला.

मॅनहॅटनमध्ये जमीन महाग आणि तुकड्यातुकड्यांत विभागलेली असल्यामुळे कायदा कितीही चांगला असला तरी वास्तुविशारदाचे हात बांधलेलेच राहत. क्वीन्समध्ये तसे नव्हते. ३० मार्च १९०९ रोजी ईस्ट नदीवरचा क्वीन्सबरो पूल वाहतुकीस खुला झाला आणि त्याच सुमारास एडवर्ड मॅकडुगल यांच्या क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने पुलापलीकडच्या शेतजमिनी विकत घेण्यास प्रारंभ केला. तीनशे एकरांहून अधिक क्षेत्र एका मालकाच्या हाती आले. जवळून जाणाऱ्या जॅक्सन अ‍ॅव्हेन्यूवरून, म्हणजे आजच्या नॉर्दर्न बुलेव्हार्डवरून, वसाहतीचे नाव घेतले गेले आणि त्याला ‘हाइट्स’ ही जोड प्रतिष्ठेसाठी दिली गेली. तेथली भूमी फारशी उंच नाही. १९१७ साली उन्नत रेल्वेमार्ग वसाहतीपर्यंत पोहोचला आणि मॅनहॅटनचा मध्यभाग रोजच्या ये-जा करण्याच्या टप्प्यात आला. तोपर्यंत ओसाड शेतात उभ्या असलेल्या मोजक्या इमारतींना खऱ्या अर्थाने गिऱ्हाईक मिळू लागले.

मॅकडुगल यांच्यावर इंग्लंडमधील उद्याननगरी चळवळीचा प्रभाव होता. एबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८ मध्ये मांडलेली ही कल्पना शहर आणि खेडे यांचे गुण एकत्र आणणाऱ्या स्वयंपूर्ण लहान नगरांची होती. मॅकडुगल यांनी तिच्यातला सहजीवनाचा आणि सामाईक भूमीचा आशय बाजूला ठेवला आणि हिरवाईचा भाग उचलला, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. तरीही वास्तुरचनेच्या दृष्टीने जे निर्माण झाले ते असामान्य होते. एकेका भूखंडाऐवजी चारही बाजूंनी रस्ते असलेला संपूर्ण गाळा एकाच आराखड्यात घेता येत असल्याने इमारती गाळ्याच्या कडेकडेने मांडल्या गेल्या आणि मधला लांबलचक पट्टा बाग म्हणून मोकळा राहिला. जॉर्ज वेल्स यांनी आखलेली ‘ग्रेस्टोन्स’ ही सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी महत्त्वाची. परंतु या प्रकाराला परिपक्व रूप दिले ते अँड्र्यू थॉमस यांनी. वास्तुशास्त्राचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या थॉमस यांचा सिद्धांत साधा आणि त्या काळात धक्कादायक होता. भूखंडाचा अर्ध्याहून कमी भाग व्यापूनही इमारत किफायतशीर ठरू शकते, कारण अंधाऱ्या खोल्या, लांब बोळ आणि हवेसाठी सोडलेल्या निरुपयोगी पोकळ्या यांवर वाया जाणारा खर्च वाचतो आणि उजेडाच्या खोलीला भाडे अधिक मिळते, असे ते आकडेमोड करून दाखवत. त्यांच्या इमारती बहुधा दोन खोल्यांइतक्याच खोल असत, त्यामुळे एका बाजूने रस्त्याकडे आणि दुसऱ्या बाजूने बागेकडे उघडणाऱ्या सदनिकेत वारा आरपार खेळे.

१९१९ ते १९२५ या काळात थॉमस यांच्या ‘लिंडन कोर्ट’, ‘शातो’ आणि ‘द टॉवर्स’ या समूहांनी वसाहतीचे स्वरूप निश्चित केले. लिंडन कोर्टमध्ये मोटारींसाठी गॅरेजची सोय होती, ही त्या वर्षांत नवलाची बाब होती. ‘शातो’च्या बारा इमारती फ्रेंच प्रबोधनकालीन वाड्यांच्या धर्तीवर उतरत्या स्लेटच्या छपरांनी आणि विटांच्या शंकरपाळी नक्षीने सजवलेल्या आहेत, तर ‘द टॉवर्स’च्या आठ इमारतींच्या माथ्यावर इटालियन वळणाचे मनोरे आहेत. दर्शनी भागावर इतका खर्च केल्यावरही या समूहांचे खरे मुख आतल्या बाजूस आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला विटांची शांत भिंत दिसते. कारंजी, हिरवळ, डेरेदार झाडे आणि फुलांचे ताटवे फक्त रहिवाशाच्या खिडकीतून दिसतात.

घराच्या आतली मांडणीही त्या काळच्या जीवनपद्धतीचा दस्तऐवजच आहे. मॅनहॅटनमधल्या आदर्श युद्धपूर्व घराला दलाल ‘क्लासिक सिक्स’ म्हणतात. बैठकीची खोली, स्वतंत्र भोजनकक्ष, स्वयंपाकघर, दोन शयनकक्ष आणि मोलकरणीची खोली अशा सहा खोल्यांचे ते घर होय, आणि क्वीन्समधल्या उद्यानसदनिका याच नमुन्याच्या कमी-अधिक आटोपशीर आवृत्त्या होत्या. प्रवेशदालन पाहुण्याला घराच्या खाजगी भागापासून दूर थांबवण्यासाठी होते. स्वयंपाकघर मागच्या बाजूस, लहान आणि दाराआड असे, कारण तेथे राबणारी व्यक्ती बहुधा घरची नसे. तिची खोली स्वयंपाकघराला लागून, इतर सर्व खोल्यांहून अरुंद, आणि तिची खिडकी बहुधा सर्वांत कमी उजेडाची. आज त्या खोलीत कोणी अभ्यासिका करतो, कोणी मधली भिंत पाडून स्वयंपाकघर मोठे करतो, आणि घराच्या विक्रीपत्रकात ती अतिरिक्त सोय म्हणून मिरवते. दोन शयनकक्षांच्या घरात तिसऱ्या माणसाचे श्रम गृहीत धरलेले होते, हे मात्र त्या नकाशावरून पुसता येत नाही. युद्धानंतर मोलकरणीची खोली नकाशातून गेली, भोजनकक्ष बैठकीत विलीन झाला, छत बहुधा आठ फुटांवर आले आणि गिलाव्याच्या जागी जिप्समचे पातळ तक्ते आले. मजुरी महागली होती आणि नोकरवर्ग आटला होता. त्यामुळे युद्धपूर्व बांधकामाची प्रत पुढे साधता आली नाही, यात कौशल्याच्या ऱ्हासापेक्षा अर्थकारणाचा वाटा मोठा आहे.

या घरांच्या विक्रीची पद्धतही स्वतंत्रपणे समजून घ्यावी लागते. पहिल्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये घरांची तीव्र टंचाई झाली. १९२० मध्ये राज्याने भाडेवाढीला आळा घालणारे तातडीचे कायदे केले, आणि दुसरीकडे नव्या निवासी बांधकामाला १९३२ पर्यंत मालमत्ता करातून सूट देण्याची मुभा स्थानिक संस्थांना दिली, जिचा लाभ न्यूयॉर्क शहराने १९२१ पासून देण्यास सुरुवात केली. भाडे वसूल करण्यापेक्षा घर विकून मोकळे होणे बांधकाम कंपन्यांना सोयीचे वाटू लागले आणि क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने आपले समूह सहकारी मालकीने विकण्याचा कार्यक्रम हाती घेतला. या पद्धतीत सदनिका खरेदीदाराच्या नावावर होत नाही. संपूर्ण इमारत एका कंपनीच्या मालकीची असते, खरेदीदार त्या कंपनीचे समभाग घेतो, आणि समभागांच्या बळावर त्याला विशिष्ट सदनिकेत राहण्याचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा मिळतो. कर, इंधन, कर्मचारी आणि इमारतीवरील कर्ज यांचा खर्च समभागांच्या प्रमाणात मासिक देखभाल शुल्क म्हणून वाटून घेतला जातो. ही रचना मॅकडुगल यांची नव्हे. फिलिप ह्युबर्ट या वास्तुविशारदाने १८८० च्या दशकातच ‘होम क्लब’ या नावाने ती मॅनहॅटनमधील धनिकांसाठी वापरली होती, आणि ब्रुकलिनमधल्या फिनिश कामगारांनी १९१६ साली ‘आल्कू’ ही ना-नफा तत्त्वावरची सहकारी इमारत स्वतःच्या पुंजीतून उभारली होती. एकच कायदेशीर चौकट धनिकांच्या निवडक मंडळाला आणि कष्टकऱ्यांच्या परस्परसाहाय्याला सारखीच उपयोगी पडली, हा सहकाराच्या इतिहासातला विचार करण्याजोगा भाग आहे.

जॅक्सन हाइट्समध्ये ती चौकट निवडीसाठी वापरली गेली. समभाग कोणाला विकायचे हे ठरवण्याचा अधिकार विक्रेत्या कंपनीकडे आणि नंतर संचालक मंडळाकडे असल्यामुळे नको असलेला शेजारी दारातच अडवता येत असे. वसाहतीची प्रसिद्धी ‘निर्बंधित’ वस्ती म्हणून केली जाई, आणि त्या शब्दाचा अर्थ त्या काळच्या वाचकाला स्पष्ट कळत होता : ज्यू आणि कृष्णवर्णीय यांना येथे घर मिळणार नाही. गोल्फचे मैदान, टेनिसची मैदाने, समाजगृहे आणि बागा या सर्व सोयींबरोबर हे बहिष्करणही घराच्या किमतीत धरलेले होते. वसाहतीच्या शांततेविषयी बोलताना हा भाग गाळणारे लेखन अपुरे आहे.

थॉमस यांच्याच कारकिर्दीत या अन्यायाचे दुसरे टोक दिसते. जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर यांच्या अर्थसाहाय्याने त्यांनी १९२६ ते १९२८ या काळात हार्लेममध्ये ‘पॉल लॉरेन्स डनबार अपार्टमेंट्स’ हा ५११ सदनिकांचा समूह बांधला. तीच गाळ्याच्या कडेने मांडणी, तोच मध्यावरचा बगीचा, तीच सहकारी मालकी. रहिवासी मात्र कृष्णवर्णीय. विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस आणि उत्तर ध्रुवाच्या मोहिमेतील मॅथ्यू हेन्सन हे तेथे राहत. उजेड, हवा आणि सामाईक बाग यांची किंमत ओळखणाऱ्या, हप्ते नेमाने फेडू पाहणाऱ्या कुटुंबांची उणीव शहराच्या कोणत्याच समाजात नव्हती, याचा हा विटांमध्ये बांधलेला पुरावा आहे. महामंदीत हार्लेममधील नोकऱ्या आधी गेल्या, हप्ते थकले, आणि १९३६ साली रॉकफेलर यांनी गहाणखतावर टाच आणून मालमत्ता परत घेतली. सहकारी प्रयोग तेथे संपला.

मंदीने इतरत्रही सहकारी इमारती बुडवल्या आणि अनेक ठिकाणी सदनिका पुन्हा भाड्याने दिल्या जाऊ लागल्या. जॅक्सन हाइट्समध्ये राहणारे आल्फ्रेड बट्स हे वास्तुविशारद याच काळात बेरोजगार झाले आणि त्यांनी अक्षरांच्या ठोकळ्यांचा जो खेळ रचला तो पुढे ‘स्क्रॅबल’ म्हणून जगभर गेला. १९३९ साली थॉमस यांनी वसाहतीत ‘डनॉली गार्डन्स’ हा समूह पूर्ण केला. त्याच्या कोपऱ्यांवरच्या खिडक्या नव्या आधुनिक शैलीच्या आहेत, परंतु बाग जुन्याच रीतीने आत आहे. त्यानंतर युद्ध आले. नोव्हेंबर १९४३ मध्ये शहरात संघराज्य सरकारचे भाडेनियंत्रण लागू झाले आणि त्या वर्षीच्या १ मार्चचे भाडे गोठवले गेले; युद्धानंतर राज्याने नियंत्रण आपल्याकडे घेतले, आणि १ फेब्रुवारी १९४७ पूर्वी बांधलेल्या इमारती हीच त्याची कक्षा ठरली. मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरवली असली तरी भाडेकरू टिकून राहिले, आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून भाड्याच्या युद्धपूर्व इमारती सहकारी मालकीत रूपांतरित करण्याची लाट आली तेव्हा अनेक भाडेकरूंनी बाजारभावापेक्षा कमी दरात आपलेच घर विकत घेतले. आज विक्रीला येणाऱ्या पुष्कळशा युद्धपूर्व सदनिकांची सध्याची मालकी त्या लाटेतून आलेली आहे.

निवासातील भेदभावाची कायदेशीर तटबंदी तोपर्यंत ढासळली होती. वंशभेदावर आधारलेले विक्रीकरार न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. खाजगी घरांच्या बाबतीत भेदभावाला मनाई करणारा कायदा न्यूयॉर्क शहराने १९५७ मध्ये केला, आणि १९६८ मध्ये तशी तरतूद देशभर झाली. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने राष्ट्रनिहाय कोटा रद्द केल्यावर भारतीय अभियंते आणि डॉक्टर मोठ्या संख्येने न्यूयॉर्कला येऊ लागले. १९७० च्या दशकात वसाहतीतील ७४ व्या रस्त्यावर मायदेशी नेण्यासाठी २२० व्होल्टवर चालणारी विजेची उपकरणे, साड्या, दागिने आणि मसाले विकणारी दुकाने उघडली, आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही आठवड्याच्या खरेदीचे हे ठिकाण परिचित झाले. पुढे त्यांपैकी पुष्कळजण न्यू जर्सीच्या आणि लाँग आयलंडच्या उपनगरांत गेले. त्यांच्या जागी बांगलादेशी, नेपाळी आणि तिबेटी आले, कोलंबिया व इक्वेडोरमधले लोक आधीपासून होतेच. ज्या वसाहतीचे मोल एकसारख्या शेजाऱ्यांवर ठरवले गेले होते ती आता अमेरिकेतील सर्वांत बहुभाषी वस्त्यांपैकी एक आहे, आणि तिच्या इमारतींना त्यामुळे काही उणेपणा आलेला नाही. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या रहिवाशांच्या संघटनेने संरक्षणासाठी पाठपुरावा केला आणि १९९३ साली शहराने वसाहतीच्या मोठ्या भागाला ऐतिहासिक क्षेत्राचा दर्जा दिला.

सहकारी मंडळाचा अधिकार मात्र अजून शिल्लक आहे. खरेदीदाराला उत्पन्न, बचत आणि शिफारसपत्रे यांचे बाड सादर करावे लागते, मुलाखत द्यावी लागते, आणि मंडळ कारण न सांगता नकार देऊ शकते. कायद्याने निषिद्ध असलेला भेदभाव त्यामागे आहे हे सिद्ध करण्याचा भार नाकारलेल्या व्यक्तीवर पडतो. मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली नोंदलेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था ही भारतातील या चळवळीच्या आद्य संस्थांपैकी एक संस्था एका ज्ञातीसाठी स्थापन झाली होती, आणि एखाद्या सहकारी संस्थेने सदस्यत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणे वैध आहे असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी संस्थेच्या खटल्यात म्हटले. दोन्ही देशांत सहकाराने अनेक कुटुंबांना हक्काचे छप्पर दिले आहे. प्रवेशाच्या नकाराची कारणे लेखी देण्याचे बंधन मंडळांवर घालणे हीच येथे किमान न्यायाची अट होय.

बागांचा प्रश्नही याच मालकीतून निर्माण झालेला आहे. विकासकाने हिरवळ गाळ्यांच्या पोटात बंदिस्त केली आणि सार्वजनिक उद्यानासाठी पुरेशी जागा सोडली नाही, त्यामुळे जॅक्सन हाइट्सची दरडोई सार्वजनिक मोकळी जागा शहरात सर्वांत कमी असलेल्या भागांत मोडते. आतल्या बागा इतरांना पाहायच्या तर वर्षातून एकदा जूनमध्ये भरणाऱ्या वारसा-सहलीची वाट पाहावी लागते. २०२० च्या वसंतात कोविडच्या साथीने या परिसराला शहरात सर्वाधिक तडाखा बसलेल्या भागांपैकी एक बनवले, आणि दाटीने राहणाऱ्या कुटुंबांना मोकळ्या हवेत पाय ठेवायला जागा हवी म्हणून रहिवाशांच्या मागणीवरून ३४ वी अ‍ॅव्हेन्यू दिवसाच्या ठरावीक वेळात मोटारींसाठी बंद करण्यात आली. सुमारे सव्वा मैल लांबीचा तो रस्ता साथ ओसरल्यावरही लोकांसाठी खुला ठेवण्यात आला.